चाकांवरचं घर आणि पाण्याचा तांब्या

आमच्या बेळगावात 'कॅम्पर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोलेरो कॅम्पर उभी राहते. पुढे चार-पाच माणसं आणि मागच्या हौद्यात कोबीची पोती नाहीतर सेंट्रिंगच्या फळ्या. त्यामुळे गेल्या वर्षी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये "कॅम्पर घ्यायचा विचार चाललाय" असं मी म्हणालो, तेव्हा अकौंटन्सीच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "शेती घेतली काय हो सर?" मग त्यांना समजावून सांगावं लागलं की हौद्याची कॅम्पर नव्हे, जिच्यात झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास असतो ती गाडी. ती ऐकल्यावर त्यांनी फक्त किंमत विचारली आणि पुन्हा कप उचलला.

किंमत ऐकून कुणीही कप उचलावा अशीच आहे. नवी, तयार गाडी म्हणजे आमच्या उपनगरातल्या लहान फ्लॅटच्या घरातला आकडा. एका प्राध्यापकाने एवढ्या पैशांचं चाकांवरचं घर कशाला घ्यावं, हा प्रश्न मलाही माझ्या सासूबाईंनी कन्नडमधून आणि आईने मराठीतून, असा दोनदा विचारला आहे.

कारण होतं नर्मदा परिक्रमा. चालत नव्हे, वाहनाने. माझ्या वडिलांच्या मनात ती फार वर्षं होती. २०११ साली एका यात्रा कंपनीच्या बसमध्ये आई-बाबांच्या दोन जागाही ठरल्या होत्या. निघायच्या आठ दिवस आधी आईने "माझे गुडघे धरलेत, मला सोसायचं नाही" म्हणून नाही सांगितलं. बाबा एकटे जाणाऱ्यांतले नव्हते. जागा रद्द झाल्या, विषय मागे पडला आणि २०१९ साली बाबा गेले. आता आई पंचाहत्तरीला आली आहे, आणि गेल्या आषाढात एकादशीच्या फराळाला बसलेली असताना ती सहज म्हणाली, "तुझ्या बाबांची तेवढी नर्मदा राहिली बघ." घरात कुणी काही बोललं नाही, पण सौ.ने माझ्याकडे पाहिलं.

वाहनाने परिक्रमा म्हणजे पंधरा ते वीस दिवसांचा प्रवास. नर्मदा अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. तिचे दोन्ही काठ, शिवाय रस्ते काही काठाकाठाने जात नाहीत, त्यामुळे वळशांसकट ते अंतर अडीच-तीन हजारांच्या पुढे जातं. बेळगावहून ओंकारेश्वर गाठायलाच साधारण नऊशे किलोमीटर. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये ओलांडायची नाही. त्यामुळे ओंकारेश्वरला संकल्प सोडल्यावर बेटावरच्या देवळातसुद्धा जायचं नाही, अलीकडच्या काठावर ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं. समुद्राजवळ माणसं होडीने पलीकडे जातात आणि गाड्या भरूचच्या पुलावरून वळसा घालून येतात. हे सगळं आईला तोंडपाठ आहे. बाबांनी आणलेली परिक्रमेची पुस्तिका ती अजून वाचते.

तर एवढ्यासाठी गाडी शोधायची होती. मी इतिहासाचा माणूस. गाडी शोधायची म्हटल्यावर मी आधी गाड्यांचा इतिहासच वाचत बसलो. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये राहायची सोय बसवण्याचं काम जर्मनीत वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ पासून सुरू केलं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण पोरं तशाच व्हॅन घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत भारतात आणि इथून पुढे गोव्यात यायची. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. पण गोव्याहून हंपीला जाणाऱ्या परदेशी लोकांच्या अशा एक-दोन गाड्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. खिडकीला फुलाफुलांचा पडदा आणि आत एक बाई कांदा चिरते आहे, असं एक दृश्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खरं सांगायचं तर परिक्रमा हे कारण होतं, पण माझी हौस त्या पडद्याची होती. हे कबूल केल्याशिवाय पुढच्या चुका कळायच्या नाहीत.

आपल्याकडे अशा गाड्या बहुतेक दोन जातींच्या व्हॅनवर बांधतात. एक ट्रॅव्हलर. आपण सगळे तिला टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो, कारण २००५ पर्यंत त्या पुण्याच्या कंपनीचं नावच बजाज टेम्पो होतं. आता फोर्स मोटर्स. माझ्या पिढीच्या लोकांना त्यांची आधीची मॅटाडोर आठवत असेल. १९६९ साली आलेली ती गाडी लग्नाच्या वऱ्हाडापासून शिर्डीच्या सहलीपर्यंत सगळीकडे असायची. तिच्यानंतर १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. दुसरी जात टाटा विंगर, २००७ ची. ट्रॅव्हलरची मागची चाकं ओढतात, विंगरची पुढची. हा फरक मला आधी मेकॅनिकचा वाटला होता, पण तो आईच्या गुडघ्यांचा निघाला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिनाची शक्ती मागे नेणारा लांब दांडा खालून जात नाही, त्यामुळे गाडीचा तळ खाली ठेवता येतो आणि चढायची पायरी बुटकी होते. उलट मागच्या बाजूला भरपूर वजन लादून चोर्ल्याच्या घाटासारख्या ओल्या चढणीवर जायचं असेल तर मागच्या चाकांची ओढ बरी. म्हणजे एकीकडे आई, दुसरीकडे घाट.

तयार गाडीच का, आपली जुनी व्हॅन घेऊन खानापूर रोडच्या एखाद्या गॅरेजात करून का घेऊ नये, असं मला पुष्कळांनी सुचवलं. सुतार आपला, वेल्डर आपला, निम्म्या किमतीत काम होईल. होतं, पण ती गाडी कागदावर व्हॅनच राहते. कंपनीने जशी बांधली त्याच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट धरते. राहायच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजूर झालेल्या गाडीच्या आरसीवर 'मोटर कॅरॅव्हॅन' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गाडीतला दिवा-पडदा बघण्याआधी मी आता आरसी मागतो. लायसन्सची काळजी मात्र नको. ७,५०० किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही कायम केलं.

आपल्यासारख्या सीमेवरच्यांना आणखी एक फाटा असतो. बहुतेक बांधणारे पुण्या-मुंबईकडचे, नाहीतर बेंगळूरचे. पुण्याची वापरलेली एमएच गाडी स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर बारा महिन्यांच्या आत ती केए-२२ करावी लागते. तिकडची एनओसी आणि इकडचा आजीव कर. कर्नाटकाचा हा कर किती चढा आहे हे ज्यांनी भरला त्यांना विचारा. शिवाय २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीमेवर तणाव झाला आणि दोन्हीकडच्या एसटी थांबल्या, तेव्हा कोगनोळीच्या नाक्यावर पाटीकडे बघून माणसं ओळखणारे लोक आपण पाहिलेच. आमच्या घरात निम्मी माणसं मराठी आणि निम्मी कन्नड, पाटी मात्र एकच लावता येते.

सौ. धारवाडची. ती हौसेने कमी आणि हिशेबाने जास्त चालते. ती म्हणाली, "विकत घ्यायच्या आधी दोन रात्री त्याच्यात झोपून बघू. साडी घेताना पदर उलगडून बघतोच की." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक तयार कॅम्पर तीन दिवसांसाठी भाड्याने आणली. कुणाची ते सांगत नाही. गाडी दिसायला राजस होती. मायकाचे गुळगुळीत कप्पे, छताला निळे दिवे, टीव्ही, एसी, आणि जाहिरातीत 'सहा जणांची झोपायची सोय'. आम्ही पाच. मी, सौ., लेक, आई आणि सासूबाई. विहिणी-विहिणी एका गाडीत तीन दिवस, ही परीक्षा गाडीची होती तशी आमचीही होती.

पहिला धक्का अंगणातच बसला. झोपायला सहा, पण पट्ट्याच्या सीटा चार! बाकीच्यांनी आडव्या बाकावर, पट्ट्याशिवाय बसायचं. मी लेकीला मागे बसवणार तोच सौ. म्हणाली, "मग तुम्ही बसा तिथं, मी चालवते." शेवटी घरातल्या गाडीने लेक आणि मी मागून गेलो, सौ.ने कॅम्पर चालवली. तेव्हापासून कोणतीही गाडी दाखवली की आम्ही बिछाने मोजत नाही, पट्टे मोजतो.

दुसरा धक्का काट्यावर बसला. ऊस हंगामात आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. बैलहोंगलच्या वाटेवर एका काट्यावर ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी उभी केली, तेव्हा काटेवाल्याने "एनु तुंबीरी?" म्हणून विचारलं. काय भरलंय? काहीच नाही, घर आहे. तो हसत आत गेला आणि चिठ्ठी दिली. टाकीभर डिझेलसह, माणसं आणि पाणी न धरता ३,०१० किलो. आरसीवर एकूण भारित वजनाची मर्यादा ३,५००. आता हिशेब बघा. पाण्याची टाकी १५० लिटरची, म्हणजे १५० किलो. पाच माणसं मिळून ३०० किलो. उरले ४० किलो, आणि त्यात वीस दिवसांचे कपडे, अंथरुणं, गॅसची टाकी, भांडी आणि दोन आयांनी घेतलेली भाकरीची पिठं. सगळा गुळगुळीत मायका आणि जाड प्लाय मिळून गाडीने आपलं वजन आधीच खाऊन टाकलेलं. वजन जास्त झालं की ब्रेक उशिरा लागतात आणि टायर उन्हात फुटतात. हे गाडी दाखवणारा माणूस सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण आपण त्या वेळी निळे दिवे लावून बघत असतो.

सौंदत्तीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. यल्लम्माचा डोंगर बेळगावकरांना काही नवा नाही. पण त्या दिवशी डोंगरावर उभं राहून मला आजोबांची बैलगाडी आठवली. माघातल्या भरत पौर्णिमेला गावच्या दहा-पंधरा गाड्या मिळून निघायच्या. गाडीला कमान करून वर ताडपत्री, आत कडब्यावर घोंगडं, खाली लोंबती चिमणी आणि मागे पाण्याची घागर. तीन-चार दिवस त्याच गाडीत झोप, तिच्याच आडोशाला चूल, जोगुळभावीला अंघोळ, डोंगरावर पुरणपोळीचा नैवेद्य करून पडली भरायची आणि परत. म्हणजे चाकांवरचं घर आम्हाला वेस्टफालियाने शिकवलेलं नाही. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "होय, पण बायका अंधार पडेपर्यंत थांबायच्या." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी नवलतीर्थाच्या धरणाचा फोटो काढत होतो.

रामदुर्गवरून बदामीला जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक हंपला गाडीतल्या एकेका कप्प्याचं दार उघडत होतं. चटणीचा डबा, साखरेचा डबा, शेवटी कुकर. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीत हे कप्पे किती अलगद मिटतात! खटका दाबून उघडणारे आणि आतून अडकणारे कप्पे हवेत, चुंबकाचे नकोत. सासूबाईंनी तो कुकर मांडीवर घेतला आणि बदामीपर्यंत तसाच धरून बसल्या.

बदामीला एका सरकारी पर्यटक निवासाच्या आवारात परवानगी काढून गाडी लावली. लाल दगडाच्या कड्यावर संध्याकाळ उतरत होती, अगस्त्य तीर्थाच्या बाजूला वानरांचा गोंधळ चालला होता. आम्ही भात लावला. इथं गॅसबद्दल एक सांगायला हवं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो जमिनीलगत साठतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे. या गाडीत ते होतं, पण वरून नवं रेक्झिन अंथरताना कुणीतरी झाकून टाकलं होतं. मी ते चाकूने कापलं आणि भाड्याच्या गाडीचं रेक्झिन कापलं म्हणून रात्रभर धास्तावून झोपलो. अंगठ्याएवढं भोक, पण त्याच्यावर पाच जीव.

एसीचाही भ्रम त्याच रात्री गेला. १०० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. गुणाकार केला तर २,४०० वॉट-अवर. साध्या शिसे-ॲसिडच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. राहिले १,२००. एसी ताशी हजाराच्या पुढे खातो. म्हणजे तासाभराची थंडी, आणि पुढे सकाळपर्यंत फ्रीजही बंद. इंजिन चालू ठेवून झोपण्याचा विचार तर मनातही आणू नये. धुरातला विषारी वायू वासाशिवाय माणूस मारतो. मग खिडक्या उघडल्या तर जाळ्याच नाहीत! बदामीचे डास आत आले. एसी नसता आणि त्याच्या निम्म्या पैशांत जाळ्या आणि छताला एक पंखा असता तर काय बिघडलं असतं? परिक्रमा तर थंडीतच करायची असते.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं. खरी गोष्ट रात्री दोन वाजता झाली. आई उठली. संडास गाडीच्या अगदी मागे होता, आणि त्याचं दार मागच्या बिछान्याची फळी पाडली की उघडतच नव्हतं. दिवसा ते चकचकीत दार बांधणाऱ्याने आम्हाला चार वेळा उघडून दाखवलं होतं, कारण दिवसा फळी वर असते. सौ. उठली, सासूबाई उठल्या, गादी गुंडाळली, फळी उचलली, मग एक उंच पायरी चढून आई आत गेली. परत येईपर्यंत सगळे उभे. साडेचारला पुन्हा तेच. आई दर खेपेला "झोपा गं, झोपा" म्हणत होती आणि कुणालाच झोपता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टदकल पाहिलं. १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शिखरांची देवळं तिथं एका आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. इतिहासाचा माणूस असून मी त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मी त्या दिवशी अर्धा झोपेत होतो. दुपारी बनशंकरीला गेलो. ती आमच्या सासरची कुलदेवी. देवळाबाहेर बायका टोपल्यांत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि गाडग्यातलं दही घेऊन बसतात. झाडाखाली बसून आम्ही पोटभर जेवलो. एवढी तिखट चटणी खाऊनही आईने पाणी घेतलं नाही. सौ.ने तिच्यापुढे तांब्या ठेवला, "अत्ती, नीर कुडीरी." आई म्हणाली, "नको गं, तहान नाही." तांब्या भरलेला तसाच उचलला गेला. संध्याकाळी चहाही नको म्हणाली. सौ. काही बोलली नाही. रात्री भांडी विसळताना मात्र ती दोघी बोलत होत्या, आणि मी बाहेर टायर बघत असताना मला ते ऐकू आलं.

आई सांगत होती की ती प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करते. लग्न झाल्यापासून. बस कुठं थांबेल, तिथं जागा असेल की नाही, ड्रायव्हरला सांगायचं कुणी. पन्नाशीनंतर तर तासा-दीड तासाला जावं लागे. २०११ साली त्या यात्रेच्या बसबद्दल तिने चौकशी केली होती. एकेका टप्प्याला चार-चार तास थांबणं नव्हतं. "गुडघे तर तेव्हा ठणठणीत होते माझे," ती म्हणाली. "ह्यांना काय सांगणार होते?"

मी टायरपाशी बराच वेळ बसून राहिलो.

घरी आल्यावर मी माझी वही काढली. तिच्यात गाड्या निवडायचे तेवीस मुद्दे होते, आणि संडास सतराव्या नंबरावर होता, छताला लावायच्या छत्रीच्या खाली. सौ.ने ती वही घेतली आणि नव्या पानावर तीनच ओळी लिहिल्या. सगळे बिछाने पडलेले असताना आईच्या उशापासून संडासापर्यंत वाट मोकळी हवी. पाच पट्टे. काट्यावर किमान चारशे किलो शिल्लक. बाकी मिळेल ते चालेल.

या तीन ओळी घेऊन आम्ही पुढच्या तीन महिन्यांत सात गाड्या पाहिल्या. पाच पहिल्या ओळीलाच पडल्या. बांधणारे हुशार असतात, पण बहुतेकांच्या डोक्यात गाडी घेणारा माणूस चाळिशीतला पुरुष असतो, म्हणजे मीच. एकाने आम्हाला सांगितलं, "रात्री कशाला लागतंय साहेब, पेट्रोल पंप आहेत की." सौ.ने त्याला, तुमच्या आईला घेऊन या, असं सांगितलं आणि आम्ही उठलो. दरवेळी आई सोबत यायची. चप्पल काढून आत चढायची, बिछान्यावर आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि डोळे न उघडता उठून हाताने चाचपत संडासाच्या दारापर्यंत जायची. पहिल्यांदा बांधणाऱ्याच्या माणसांना हसू आलं. नंतर कुणी हसलं नाही.

सहावी गाडी विंगरवरची होती, पायरी छान बुटकी, पण वजनात नापास. सातवी पुण्याजवळच्या एका छोट्या बांधणाऱ्याकडे, ट्रॅव्हलरवर, नमुना म्हणून चार वर्षं वापरलेली. दिसायला अगदी साधी. निळे दिवे नाहीत, टीव्ही नाही. पण संडास मधल्या दाराशेजारी, सरकत्या दाराचा, आणि त्याच्या आणि खालच्या बिछान्याच्या मध्ये दोन पावलं. पाच पट्टे. पाण्याची टाकी ९० लिटर. रिकामं वजन कमी, त्यामुळे काट्यावर साडेचारशे किलो शिल्लक. पायरी उंच होती. त्याने खाली सरकणारी जास्तीची पायरी आणि एक उभा दांडा बसवून दिला. जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमची एक घातली, छतावर २०० वॉटचं सोलर. उन्हाच्या दिवशी त्यातून सात-आठशे वॉट-अवर मिळतात. फ्रीज, दिवे आणि पंख्याला पुरे. एसी काढून टाकायला सांगितला तेव्हा तो माणूस दोनदा "नक्की का?" म्हणाला.

कॅसेट संडासाची टाकी वीसेक लिटरची असते. पाच जणांनी वापरली तर दिवसभरात भरेल. म्हणून घरात ठराव झाला आहे की ती फक्त दोन आयांची, आणि रात्रीची. आम्ही पंपावर, धर्मशाळेत जायचं. ती रिकामी करायची संडासातच, विचारून. नर्मदेच्या काठावर तर टाकीचं झाकणही उघडायचं नाही, असं आईने बजावलं आहे. ते काम माझ्याकडे आहे. घरी दोनदा करून पाहिलं. वाटतं तेवढं वाईट नाही.

पैशांसाठी पीएफमधून काही काढलं, बाकी बँकेचं कर्ज. परिक्रमेनंतर ती भाड्याने देता येईल काय, असं अकौंटन्सीच्या सरांनी विचारलं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, पिवळी पाटी आणि परमिट लागतं. ते नंतर बघू. कार्तिकात, देवउठनी एकादशीनंतर निघायचं ठरलं आहे.

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही पाचही जण पुण्याला गेलो होतो. सौ. चालवत होती, आई मधल्या सीटवर पट्टा लावून, शेजारी सासूबाई. कात्रज मागे पडलं होतं, खंबाटकीचा घाट अजून यायचा होता. पूर्वी या रस्त्याने येताना आई साताऱ्यापर्यंत पाण्याचं नाव काढायची नाही. मागून तिचा आवाज आला, "विहीणबाई, तो तांब्या द्या बघू इकडं."

सासूबाईंना मराठी फारसं येत नाही, पण तांब्या कळला.